अबू हमूर, अकरा हजार

१४ जानेवारी, मंगळवार
नलूताई नाशिकहून इकडे आखातात परतल्या. दादाने त्यांच्या बॅगेतून पाठवलेलं पोचलं ते असं: जपाच्या वह्या १२, साठप्रमाणे ७२० रु. गोडा मसाला अर्धा किलो, ३८०. जानव्यांची पुडी, ५०. तिळगूळ, त्याचे दादाने लावले नाहीत.
वह्या आमच्या जपाच्या बारा बायकांसाठी मागवल्या होत्या. आता त्यांतली एकही माझ्या दारात उभी राहणार नाही. जानवी ह्यांची. हे घरी नाहीत, अकरा दिवस झाले.
आज संक्रांत. तिळगूळ देवाला दाखवला, ऋताला दिला, डबा बंद. गोड कुणाशी बोलू.

१५ जानेवारी, बुधवार
झालं ते एकदा लिहून ठेवते, पुढे विसरायला नको.
तीन तारखेला, शुक्रवारी, चहाच्या वेळी चार जण आले, दोन गणवेशात. एकाने बूट दाराबाहेर काढले, तिघांनी नाही. काढणाऱ्याला माझ्या शिव्याशापांतून वगळलं आहे. कपाटं उघडली. ह्यांचा फोन, ऋताचा लॅपटॉप आणि माझी जपाच्या हिशेबाची वही घेतली. ह्यांना म्हणाले, दोन तासांचं काम आहे. हे मला म्हणाले, "चहा झाकून ठेव गं." झाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी ओतला.

१६ जानेवारी, गुरुवार
ह्यांना ठेवलंय तिथल्या गेटवर कपडे घेतात, दर गुरुवारी. आतल्यांचे मैले शनिवारी परत. पिशवीवर नाव लिहायचं आणि खिडकीत तोंडानेही सांगायचं. लग्नात उखाण्यात नाव घेतलं, मग कधी नाही. आज परक्या माणसापुढे तीनदा घेतलं, कारण त्याला ऐकू येत नव्हतं.
जानवं परत दिलं. दोरा चालत नाही.

१९ जानेवारी, रविवार
वकिलाच्या ऑफिसात गेले. तिथले कोया, केरळचे, हिंदी बरं बोलतात. मी विचारलं, आरोप काय. म्हणाले, "आरोप नहीं है बहन, शक है." मग कोर्टात कधी नेणार? "यह आतंकवाद वाला कानून है. इसमें पहले रखते हैं, बाद में देखते हैं. कोर्ट नहीं, जमानत नहीं. मुद्दत खतम हुई तो बढ़ाते हैं."
पुन्हा म्हटलं, माणसाने काही केलंच नसेल तर? त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.
दादाला घरच्या लँडलाइनवरून सांगितलं. तो म्हणाला, "वसू, असे कायदे आपल्याकडेही आहेत." म्हटलं, असतील, तेव्हा मी तरी कुठे लक्ष दिलं. पेपरात यायचं, पान उलटायचे. आत टाकलंय म्हणजे काहीतरी केलंच असेल, असं मीच म्हणायचे भाजी निवडताना.

२१ जानेवारी, मंगळवार
मला बोलावलं. गार खोली, एक साहेब, एक हिंदी दुभाषी. टेबलावर आमच्या ग्रुपवरच्या मेसेजचे फोटो छापलेले. सद्द ३२००. उम्म सलाल ४१००. अबू हमूर ११०००. खाली माझंच वाक्य: रामनवमीला दुपारी ठीक बारा वाजता सगळ्यांनी एकदम पूर्ण करायचं.
सगळं सांगितलं. रामनामाचा कोटी जप आहे. इथे देऊळ नाही, देवाधर्माचा बोभाटा नको म्हणून बायकांची नावं न लिहिता राहत्या जागेची नावं लिहिली. ती माझीच अक्कल. बाराला रामाचा जन्म. माझं सिमकार्ड नाही, म्हणून ग्रुप ह्यांच्या फोनवर. आकडे माझे.
"मग फोनमधून रोजचे मेसेज पुसले का?"
फोन भरतो म्हणून. वहीत उतरले की पुसते. नवा फोन कशाला घ्यायचा.
साहेब हसला. दुभाषी म्हणाला, "आपके पति बोलते हैं, आँकड़े उनके हैं." म्हटलं, ते मला वाचवतायत. "मॅडम, आप कितना पढ़ी हो?" दहावी. पुन्हा हसले. एवढा हिशेब माझ्यासारखी ठेवू शकते हे त्यांना पटेना.
मग साहेबाने अकरा हजारावर बोट ठेवलं. बाकी आकड्यांवर पाठवणारीचे फोन नंबर आहेत, ह्याच्यावर नाही. "सबसे बड़ा आँकड़ा. यह कौन है?"
शलाकावहिनी देवधरांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. त्यांचा मुलगा नील आमच्या ऋताच्या शाळेच्या बसमध्ये असतो. म्हटलं, आठवत नाही.

२२ जानेवारी, बुधवार
ऋताला सहज सांगितलं, एकाच आकड्यावर नंबर नव्हता. तिने हातातली पोळी खाली ठेवली. "आई, तो मेसेज राइट साइडला होता का?" हो, उजवीकडे, एकटाच. "मग ज्याने स्क्रीनशॉट काढला, हिज ओन मेसेज. स्वतःच्या मेसेजवर नाव येत नाही."
म्हणजे अबू हमूर. मी तिला झाकलं, आणि तिनेच
पोळ्या करपल्या दोन.

२३ जानेवारी, गुरुवार
कारण मला ठाऊक आहे. दिवाळीनंतर मी ग्रुपवर लिहिलं होतं, "शलाकावहिनी, अकरा हजाराला नऊ तास लागतात, मी घड्याळ लावून पाहिलंय. तुम्ही ऑफिसला जाता." नलूताईंनी हसरा चेहरा टाकला, बाकीच्यांनी त्यांच्यामागे. श.व.चा आकडा दुसऱ्या दिवशी पुन्हा ११०००.
खोटा जप. देवाला फसवत होती ते मी बोलले, एवढाच माझा गुन्हा. तिचे हे मोठ्या कंपनीत सुरक्षा खात्यात. कागद कुठल्या टेबलावर ठेवायचा हे त्यांना बरोबर ठाऊक.

२६ जानेवारी, रविवार
रोज तीन हजारांचा नेम होता, आता पाच करते. नलूताई आल्या होत्या, उम्म सलालहून टॅक्सी करून. माझा चेहरा पाहून म्हणाल्या, "वसू, कुणाच्या वाइटासाठी जप करू नये गं."
म्हटलं, कशासाठी करते ते देवाला सांगितलेलंच नाही.
"त्याला कळत नसेल?"
"कळू दे ना. तेवढं माझं काम वाचेल."
हसल्या बिचाऱ्या. जाताना पीठ ठेवून गेल्या, मी नको म्हटलं नाही.

३० जानेवारी, गुरुवार
ह्यांचा फोन आला. पाच मिनिटं. मराठी चालत नाही, ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे. हिंदीत बोलायचं.
"आप कैसी हैं?"
बावीस वर्षांत मला अहोजाहो केलं नव्हतं कधी. माझ्या तोंडून "मी बरी आहे हो" गेलं आणि मधला माणूस ओरडला, हिंदी, हिंदी. मग मला हिंदी सुचेचना. ते म्हणाले, खाना ठीक है, ऋता पढ़ती है ना, आप चिंता मत कीजिए. परक्या बाईशी बोलल्यासारखे. वेळ संपली.
शलाके, तुझा नवरा आज तुला "अगं" म्हणून हाक मारतोय. हे मी लक्षात ठेवलंय.

६ फेब्रुवारी, गुरुवार
गेटवरून टॅक्सी अबू हमूरवरून घ्यायला लावली. सात रियाल जास्त गेले, जाऊ देत. तिच्या कंपाउंडजवळच्या दुकानात अर्धा तास टोमॅटो निवडत उभी राहिले. आलीच.
"अय्या वसुधावहिनी, किती वाळलात. काही लागलं तर सांगा हं."
"लागलंय. उजव्या बाजूचा आकडा कुणाचा ते साहेब विचारतात."
तिच्या हातातली कोथिंबीर तशीच राहिली. मग हळू म्हणाली, "आमच्या ह्यांना ऑफिसात विचारलं हो. घरी कुणाच्या फोनवर असले आकडे येतात का म्हणून. ते घाबरले. मी फक्त फोन दिला."
"आणि ते लोक माझ्या दारात."
"रामनाम आहे, सोडतीलच की."
"मग तेव्हा का नाही सांगितलंत, रामनाम आहे म्हणून?"
मी टोमॅटो परत ठेवले. तिच्या दुकानातले घेणार नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
कोया म्हणतात, मुदत वाढली. किती, ते सांगत नाहीत. आणि एक रस्ता आहे. साहेबांना सही केलेला कागद हवा: तो मोठा आकडा अमुक बाईचा, नावासकट, रोज ती स्वतः टाकायची. देवधरांनी तिकडे सांगितलंय की बायकोला नुसतं ग्रुपमध्ये ओढलं, तिने काही लिहिलं नाही. कागद गेला की ते साक्षीदार राहणार नाहीत, संशयित होतील, आणि ह्यांच्याविरुद्धची त्यांची साक्ष पडेल.
विचारलं, मग त्यांना पुरावा लागेल?
"आपके साहब के लिए क्या लगा था? नाम काफी है."
नाव पुरतं. घरी येईपर्यंत हेच घोळत होतं. ज्या कायद्याला मी महिनाभर शिव्या घालतेय तो आज माझ्या पर्समध्ये मावतो. आणि खोटं एक अक्षर नाही. आकडा तिचाच. तिनेच फुगवला.
"हे सुटतील नक्की?" "उम्मीद है. इन्शाल्ला. रमजान से पहले दीजिए, फिर ऑफिस आधा चलता है. इस नहीं, अगले इतवार तक."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
कागद लिहिला. पाच ओळी. सही केली. देव्हाऱ्यात पादुकांखाली ठेवला, मग काढला, तिथे बरा वाटेना. मसाल्याच्या डब्याखाली आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार
ऋताने वाचला. डब्याखाली बघायची गरज काय होती.
"आई, देन नीलचे बाबा पण आत जातील?"
"जाऊ देत."
"ही डिडन्ट डू एनीथिंग. बसमध्ये माझ्याशी फक्त तोच बोलतो."
"त्याच्या आईने केलं."
"बाबांनी काय केलं होतं?"
मी तिला ताट वाढलं. जेवली नाही. सबंध दिवस मला तिच्या तोंडचं ते वाक्य ऐकू येत होतं आणि मी जप वाढवत होते, सहा हजारांवर नेला. आकडा खरा आहे, कुणीही घड्याळ लावून बघावं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
नलूताईंना कागदाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, एकीचं नाव दिलंस की साहेब थांबेल होय? उद्या तिला विचारतील, बाकीच्या कोण. ती दहा नावं सांगेल, त्यात मी."
ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. खरंच नव्हतं. तरी कागद फाडला नाही. फाडणार नाही. माझ्या माणसाचं जानवं काढलं त्यांनी.

२० फेब्रुवारी, गुरुवार
आजपासून पिशवीत एक चिठ्ठी चालते, हिंदीतून, उघडी. कागदाचं विचारायचं तर नाव लिहावं लागेल, आणि ते वाचणार तिथले. म्हणजे विचारलं तरी नाव दिल्यासारखंच.
आमच्या वहीत गूढ काही नव्हतं, म्हणून ह्यांना नेलं. आज पहिल्यांदा गूढ लिहिलं. आमच्या कुंडीत तुळशीशिवाय गवताची काडी नाही, हे ह्यांना माहीत. रोज पाणी हेच घालायचे. त्यावरून कळेल. वेल कोण ते ह्यांना कळावं म्हणून अबू हमूर शब्द मुद्दाम घातला, कोयांनी वाचून मान डोलावली, अशीच जाऊ दे म्हणाले.
ह्यांचा स्वभाव मला ठाऊक आहे. मुंगीला फुंकर मारून बाजूला करणारा माणूस. पण आता तिथे दीड महिना काढलाय. कदाचित बदलले असतील. बदलले असले तर बरं असं मला वाटतं, आणि तसं वाटल्याबद्दल देवापुढे बसवत नाही.
सदऱ्यात गुंडाळून दिली. कागद पर्समध्येच आहे. चिठ्ठीची नक्कल इथे मराठीत:

"सा. न. वि. वि. आम्ही दोघी बऱ्या. तुळशीच्या कुंडीत एक रानवेल आली आहे, ती अबू हमूरच्या मातीतून आली असावी. तुळस तिनेच वाळवली. उपटायला माझा हात शिवशिवतो आहे. पण मुळं लांब गेली आहेत, ओढली तर शेजारच्या लहान रोपाला लागेल आणि नलूताईंनी लावलेल्या झाडालाही. तुळस परत धरेल याची खात्री माळी देत नाही. उपटू की राहू देऊ? तुम्ही म्हणाल तसं. शनिवारी मैल्या कपड्यांबरोबर उलट एक शब्द लिहून पाठवा. रविवारी माळी येणार आहे."