गोठ्याच्या दारावरची बंडी

नारिनकाठ, १९ जानेवारी

ती. थोरल्या बहिणीस, सोनुन एजेस,
एसेनकुलचा सलाम. वि. वि.

तुझे कान गेल्यापासून फोनवर ओरडून उपयोग नाही, म्हणून हे पत्र तालासला येणाऱ्या गाडीवाल्याच्या हाती देतो आहे. त्याला चहा पाज, नाहीतर पुढच्या वेळी विसरल्याचं सोंग करेल.

गेल्या सोमवारी सकाळी नमाज आटोपून मी गोठ्याचं दार बिजागऱ्यांवरून काढलं, घरात आणून दोन स्टुलांवर आडवं टाकलं आणि माझ्या जिपारची मखमली बंडी त्याच्यावर प्लास्टरने चिकटवली. बायको गेल्यापासून एसेनकुलच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं गावातलं कोणीतरी तुला कळवणारच. त्यापेक्षा मीच सांगतो.

हिवाळ्यात गिलाव्याचं काम कोणी काढत नाही. घरात प्लास्टरचं पोतं, डब्यांच्या तळाशी उरलेले रंग आणि मी. आधी एका फळीवर नुसता रंग ओढून बघितला. मग त्यात चुलीतली राख कालवली, चहाचा चोथा घातला, मेंढ्यांना चाटायला ठेवतो ते मीठ भुरभुरलं. मीठ वाळलं की रंगाला तडे जातात, नदीवरच्या बर्फाला जातात तसे. जीव असलेलं काही काढायचं नाही हे मी पाळतो, त्यामुळे चेहरा नाही, झाड नाही, घोडा नाही. चित्र कशाचं असं विचारलंस तर मला सांगता येणार नाही. दारावर बंडी आहे, जिपारच्या रुमालाचे तुकडे आहेत, निळ्या झग्याची बाही आहे, मध्ये कच्ची लोकर आणि राख. तिन्हीसांजेला त्याच्यासमोर बसलो की घरात कोणीतरी आहे असं वाटतं. एरवी वाटत नाही.

वासराला थंडी लागू नये म्हणून गोठ्याला गोणपाट लावलं आहे. जुमाकान आपा आजारी आहे, अंथरुणातून उठत नाही. बाकी ठीक.

माया आहे तशी राहू दे.
तुझा एसेनकुल


तालास, २ फेब्रुवारी

चि. एसेनकुल,
अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. गाडीवाल्याने चहा तर प्यालाच, वर तळलेले बोर्सोकही बांधून नेले.

लहानपणी तुला कुंपणाला चुना दे म्हणून सांगितलं होतं, तर अर्धा कुत्र्याला देऊन आला होतास. आता शेजारीण विचारते, भाऊ काय करतो? मी सांगते, कालपर्यंत भिंती लिंपायचा, आता दारं लिंपतो. हसली बिचारी. मला ऐकू आलं नाही, पण दात दिसले.

हसून झालं. आता मला सांग, जिपारचे कपडे घरात राहिलेच कसे? खिंड बर्फाने बंद होती म्हणून मला येता आलं नाही. मी धरून चालले की तिला शेवटची आंघोळ घातलेल्या बायकांना तू ते वाटले असशील. त्यांचा वाटा असतो तो. तुला शिकवायला हवं होतं का?

आणि जुमाकान आपा आजारी आहे हे एका ओळीत लिहून पुढे पळालास. तीही होती ना आंघोळ घालायला? खरं काय ते लिही. वासराला नीट दार लाव.

आशीर्वाद आहेतच, रागही आहे.
तुझी एजे


नारिनकाठ, १७ फेब्रुवारी

ती. एजेस, सलाम. वि. वि.

पाच जणी होत्या. मी त्यांना बाजारातून नवं कापड आणून दिलं, प्रत्येकीला चांगला झगा होईल एवढं. जिपारचे अंगावरचे जुने कपडे कसे द्यायचे, चारचौघांत बरं दिसत नाही, असं सगळ्यांना सांगितलं. चौघींनी घेतलं. जुमाकान आपाने घडी तशीच जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर ठेवली आणि म्हणाली, मी थांबते. मला वाटलं, म्हातारी रुसली.

तुझं पत्र आलं तेव्हा मी पेटी उघडून जिपारची लोकरी शाल काढली आणि तिच्याकडे गेलो. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, सून ओलं फडकं ओठांना लावत होती. तिने शाल हातात घेतली, बोटांनी चाचपली आणि परत दिली. म्हणाली, ही जिपारने दोनदा पांघरली असेल. त्या सकाळी तिच्या अंगावरून बंडी काढली ती माझ्या या हातांनी, खिशात सुका जर्दाळू होता, तो मी खाल्ला. तेव्हा बंडी माझी. डाव्या काखेत मीच तिला टाके घालून दिले होते, आणि टाका वाकडा आला म्हणून पोरीने मला आठवडाभर आंधळी म्हणून चिडवलं होतं.

मग मला सांगावं लागलं की बंडी दाराला चिकटली आहे. सून तोंड वळवून हसली.  आपा म्हणाली, दारासकट आण, पांघरीन.

एजे, मी आणलं नाही. दोन दिवस चाकू हातात घेऊन समोर बसलो. बंडी काढली तर सगळंच निघेल. अनेक वर्षं मी लोकांच्या भिंती सारख्या केल्या, त्या बघायला कोणी उभं राहिलं नाही. हे एकच असं झालं आहे की ज्याच्याकडे बघत मी बसतो. तुझ्या भावाला समजून घे.

तुझा एसेनकुल


तालास, २८ फेब्रुवारी

चि. एसेन,
आशीर्वाद. खोकला, गुडघे, कान यांचं लिहीत नाही, तिघं आपापल्या जागी आहेत.

आई गेली तेव्हा तिच्या डोक्यावर पाणी मी ओतलं. तिचा पांढरा रुमाल माझ्या वाट्याला आला. आजही शुक्रवारी तोच बांधते. कोणी त्याऐवजी नवं कापड दिलं असतं तर ती मजुरी झाली असती. मी आईला मजुरीने आंघोळ घातली नव्हती. तू त्या बायकांना मजुरी दिलीस, आणि चौघींनी मुकाट्याने घेतली ती तुझ्याकडे बघून.

मी भांडायला येत नाही. चित्र चांगलं असेल, तुझा हात मला माहीत आहे. पण ती म्हातारी आता भिंतीकडे नाही, दाराकडे तोंड करून पडते, असं तिच्या सुनेने गाडीवाल्याजवळ सांगितलं. तुला कळवावं म्हणून लिहिलं.

तुझी एजे


नारिनकाठ, २ एप्रिल

ती. एजेस, सलाम. वि. वि. उशीर झाला, माफ कर.

तुझं पत्र वाचलं त्याच दुपारी कढईभर पाणी तापवलं, फडकी भिजवून बंडीवर ठेवली आणि गिलाव्याच्या पातीने कडेकडेने सोडवत गेलो. प्लास्टर भिजलं तसं मीठ विरघळलं, राखेचे ओघळ खाली आले, लोकर लोंबू लागली. तासाभराने सगळं चित्र चिखलासारखं दिसत होतं. मधोमध बंडीच्या आकाराची पांढरी जागा. बंडीची एक बाजू टक्कल पडल्यासारखी झाली आणि खांद्यावर चुनकट डाग राहिला, कितीही घासला तरी गेला नाही.

वाळायला थांबलो नाही, ओलीच घेऊन गेलो. आपाचं बोलणं बंद झालं होतं. सुनेने बंडी तिच्या छातीवर ठेवली. तिचा हात फिरत फिरत डाव्या काखेशी गेला आणि टाक्यावर थांबला. माझ्याकडे तिने बघितलं नाही, आणि ते बरंच झालं. त्याच गुरुवारी पहाटे ती गेली. कबर खणायला मी होतो. माती अजून गोठलेली होती, पहार लागत नव्हती.

तिला आंघोळ घातलेल्यांना तिचे कपडे वाटले. बंडी तिच्या सुनेच्या वाट्याला आली. गेल्या आठवड्यात ती पाण्याच्या नळावर दिसली, अंगात तीच बंडी, खांद्यावर माझ्या प्लास्टरचा डाग. बादली भरताना शेजारणीला कशावरून तरी शिव्या देत होती. मला बघून थांबली, सलाम केला, आणि मग उरलेल्या शिव्या दिल्या. मी घरी आलो आणि नुसता बसलो. त्या चित्राच्या दारासमोर नाही बसलो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी तापवलं. रुमालाचे तुकडे काढले, बाही काढली, धुऊन दोरीवर वाळत घातली. पेटी रिकामी केली. त्या चौघींकडे एकेकीकडे गेलो आणि आधी दिलेलं चुकीचं होतं असं सांगून प्रत्येकीचा वाटा दिला. एकीने फक्त बाही मागून घेतली, मुलीच्या गोधडीत लावणार म्हणाली. एकीने दार उघडलं नाही, तिचा वाटा उंबऱ्यावर ठेवून आलो.

दार खरवडलं, तासलं, आणि आज सकाळी परत गोठ्याला बसवलं. वासरू त्याला अंग घासतं आहे.

मायेत ठेव.
तुझा एसेनकुल