परिशिष्ट ड

१२ जानेवारी १९९८, सोमवार
‘ओहायो नदीचे पूर: एक मीमांसा’ आज विद्यापीठाच्या प्रेसकडे रवाना. पानं ७१२, वर्षं एकवीस. प्रेसच्या दोन याद्या असतात, विद्वत्तेची आणि प्रादेशिक. प्रादेशिकमध्ये लोणच्यांची आणि भुतांची पुस्तकं येतात. मी फॉर्मवर ‘विद्वत्ता’वर खूण केली, दोनदा.

तुमचं हस्तलिखित कोणाला वाचायला देऊ नये, असाही एक रकाना होता. चौदा नावं लिहिली, वेगळा कागद जोडावा लागला. पहिलं नाव डॉ. हॅस्केल पॉइंटर. इतिहासाचा निवृत्त प्राध्यापक, दोन घरं सोडून राहतो, नको इतका हसतो.

स्थानिक पुरावा हवा, अशी अट होती. म्हणून ओलेटाचं स्वयंपाकघरातलं १९६४ सालचं कॅलेंडर झेरॉक्स करून परिशिष्ट ड म्हणून जोडलं. बियाण्यांच्या दुकानातून मिळतं ते. अडतीस वर्षं बायको त्याच्या चौकोनांत रोज काहीतरी खरडते. मी कधी वाचलं नाही. किराणा असणार. पण फाईल जाड दिसली.

निश्चय: तीन महिने प्रेसला फोन करायचा नाही.

१९ जानेवारी
फोन केला. पोचलं का, एवढंच विचारलं. संपादक मिस क्विसेनबेरी म्हणाल्या, की पोचलं, आणि तुम्ही हेच शुक्रवारीही विचारलं होतं. आवाजात काहीतरी लपवल्यासारखं वाटलं.

३ फेब्रुवारी
या वहीला कुलूप नाही. ओलेटा वाचत असावी. आजपासून वही मिटताना पानांत माझा एक केस ठेवणार. केस हलला, तर समजलं.

४ फेब्रुवारी
केस जागेवर. तरी खात्री नाही.

१४ मार्च, शनिवार
दोन परीक्षकांचे अभिप्राय आले. नावं प्रेस कधीच सांगत नाही. पहिल्याने अर्ध्या पानात माझ्या चिकाटीचं कौतुक केलंय. मोठा माणूस असणार. दुसऱ्याची चार पानं. दर एकोणीस वर्षांनी पूर येतो हा माझा सिद्धांत ‘पुराव्यावर टिकत नाही, बहुधा मुळात पुराव्यावर उभाच नव्हता’, म्हणे. दुसऱ्या पानावर वाचन थांबवलं. उरलेली दोन पानं वाचून त्या माणसाला सुख द्यायचं नाही. टेबलावर पालथी ठेवली.

‘बहुधा’ हा शब्द हॅस्केल फार वापरतो.

१६ मार्च
हॅस्केलकडे गेलो, साखर मागायचं निमित्त करून. टाइपरायटर बघायचा होता. अभिप्रायात ‘र’चा पाय तुटका उमटलाय. त्याने साखर दिली, मक्याचा गरम पाव खायला घातला आणि विचारलं, की पुस्तकाचं काय झालं रे, व्हर्लिन. चेहरा इतका निष्पाप, की संशय पक्का झाला. टाइपरायटर कुठे दिसला नाही. लपवला असणार.

ओलेटाला सांगितलं, की उद्यापासून त्याच्याशी बोलणं बंद. ती म्हणाली, की तू बंद कर, मला त्याच्याकडून टोमॅटोची रोपं घ्यायचीत.

९ एप्रिल, गुरुवार
मिस क्विसेनबेरींचा फोन. मी उचलला, तर म्हणाल्या, की मिसेस स्टॅम्पर आहेत का. ओलेटा फोनची तार ओढत कोठीच्या खोलीत गेली आणि दार लावून वीस मिनिटं बोलली. काय म्हणाल्या विचारलं, तर म्हणे, काही नाही रे, तू जेव.

घेवडा शिजत असतानाही तिने मला कधी सलग वीस मिनिटं दिली नाहीत.

२७ एप्रिल
कोठीतली कॅलेंडरची खोकी गायब. सदतीसच्या सदतीस वर्षं. हॅस्केलच्या मोटारीत एक खोकं डोळ्यांनी पाहिलं. ओलेटाला विचारलं, तर म्हणाली, की मीच पाठवली, हॅस्केल शहरात चाललाच होता. कुठे पाठवली, तर म्हणे, वाचायला मागितली कोणी. माझ्याविरुद्ध कागदपत्रं गोळा होतायत. बायकोही सामील.

निश्चय: शांत राहायचं. लक्ष ठेवायचं.

१ जून
प्रेसच्या संचालकांना पत्र लिहिलं. दुसऱ्या परीक्षकाला हटवा, नाहीतर मी पुस्तक परत घेतो. ओलेटा म्हणाली, की आठवडाभर थांब, जरा ऐक माझं. तिला एवढी घाई का, की मी थांबावं? लगेच टाकलं.

११ जून
संचालकांचं उत्तर. पुस्तक परत घेण्याची माझी विनंती त्यांनी मान्य केली, खेदाने. ‘खेद’ हा शब्द त्यांनी उगाच वापरला नसणार. मन वळतंय.

८ जुलै, बुधवार
प्रेसचा जाड लिफाफा. करार. पाकिटावर पहिलं नाव चुकून ‘ओलेटा’ पडलेलं, म्हणून उघडला.

चूक नव्हती.

‘रोजचं पाणी: एका नदीकाठच्या स्वयंपाकघराच्या नोंदी’. लेखिका ओलेटा स्टॅम्पर. यादी: विद्वत्ता.

दुसऱ्या परीक्षकाची उरलेली दोन पानं आज वाचली. दोन्ही परिशिष्ट डवर आहेत. रोजची नदीची पातळी, त्या दिवशीचा स्वयंपाक, कोण आलं, कोणाच्या तळघरात पाणी शिरलं. असा पुरावा नदीच्या काठावर दुसरीकडे नाही, बाकीची वर्षं असतील तर ताबडतोब मागवा, असं लिहिलंय. इथे ‘बहुधा’ नाही.

ओलेटा म्हणाली, की दोन महिने मी नाही म्हणत होते. आधी व्हर्लिनचं छापा, म्हटलं, मग माझं. मिस क्विसेनबेरी म्हणाल्या, की सातशे पानं नाही जमणार. मी शंभरावर अडले, त्या तीनवर. दहा पानांची प्रस्तावना तुझ्या नावाने मिळवली होती, आणि आठवडाभर थांब म्हटलं, तर तू पत्र टाकून मोकळा झालास. मग पुन्हा भांडले. आता सहा आहेत.

मी तीन दिवस बोलणार नाही.

९ जुलै
बोललो. मोजे सापडत नव्हते.

१७ ऑगस्ट
पुस्तकाची शब्दसूची लेखकानेच करून द्यायची, अशी प्रेसची पद्धत. ओलेटाच्या डोळ्यांना बारीक अक्षर झेपत नाही. मी पत्करलं. घरात कोणीतरी शास्त्रीय शिस्त पाळायला हवी.

२१ ऑगस्ट
चार दिवस तिच्या नोंदी वाचतोय. अडतीस वर्षं भिंतीवर उघड्या होत्या. ‘पाणी ३१ फूट. घेवडा. व्ही. म्हणतो पुस्तक उन्हाळ्यापर्यंत होईल.’ हे एकवीस वर्षांत एकवीसदा आहे.

यंदाचं कॅलेंडर पुस्तकात नाही, ते अजून भिंतीवरच आहे. तेही काढून वाचलं. ५ जानेवारी: ‘पाणी २६. हॅस्केलने व्ही.च्या पुस्तकासाठी प्रेसला शिफारस लिहिली. त्याला सांगू नको म्हणाला.’ ४ फेब्रुवारी: ‘पाणी २९. व्ही.च्या वहीतून केस पडला, खाली शोधून परत ठेवला.’

संध्याकाळी हॅस्केलकडे जाऊन साखर परत केली. बराच वेळ बसलो. तो टोमॅटोबद्दल बोलला.

२८ ऑगस्ट, शुक्रवार
सूची पूर्ण. माझी नोंद सगळ्यांत लांब, नदीपेक्षा दोन ओळी जास्त:

स्टॅम्पर, व्हर्लिन: गुडघा दुखणे, १२, ४४, ६१, पुराचं भाकीत, ५८, १३०, त्या वर्षी पूर न येणे, ५९, १३१, मोजे, जागोजागी, पुस्तक पूर्ण करणार, ९० पासून पुढे.

एक नोंद कशाखाली घालावी कळत नव्हतं. पान २१२: ‘पाणी ३४. व्ही.ने प्रकरण वाचून दाखवलं. मला काही कळलं नाही. पुढचंही वाच म्हटलं. आवाज ऐकायला बरं वाटतं.’

‘पूर’खाली बसेना, ‘मीमांसा’खालीही नाही. शेवटी माझ्याच नावाखाली घातलं. आवाज, २१२.