सुपातला नारळ

पालघर,
१९ डिसेंबर १९९६

चि. रामनाथ यास,

इथे ‘अनेक आशीर्वाद’ लिहायची पद्धत आहे. ती जागा मोकळी ठेवते. शेवटी बघू.

गुडघे सोडले तर मी बरी आहे. सफाळ्याहून शकूवहिनीनं नवे तांदूळ पाठवले. शाळेत माझ्या जागी आलेल्या बाईंचं इंग्रजी ऐकलं, आणि निवृत्त झाल्याचा पहिल्यांदाच पश्चात्ताप झाला.

तू पाठवलेलं कात्रण दिवाळीआधीच पोचलं. फोटोत टाय वाकडा आहे. काविळीच्या विषाणूला गप्प बसवणारा डीएनएचा तुकडा, आणि पेटंटच्या अर्जावर संशोधक म्हणून तुझं नाव. मी ते सालवडला जाऊन नवसीला मराठीत वाचून दाखवलं. शैला तुला जन्म देऊन गेली, तेव्हा पोटच्या चिंतूच्या वाटचं दूध जिनं तुला पाजलं, ती नवसी. एवढी ओळख पुरे ना?

बोईसरच्या एका इंजेक्शनवाल्यानं एकच सुई अख्ख्या पाड्याला टोचली आणि तिला तीच कावीळ जडली. यकृत गेलं होतं. कात्रण ऐकून ती हसली. “माज्या नाथूनं माज्याच दुखण्याचं औषद काढलं!”

म्हणून ते औषध मागायला एसटीडी बूथवरून मी तुला फोन केला. तू काय बोललास ते विसरला असशील, मी नाही.

“मावशी, ते माझ्या मालकीचं नाही.”

“अर्जावर नाव कोणाचं?”

“नाव माझं, हक्क कंपनीचा. चाचण्या चालू आहेत. बाहेर एक थेंब गेला आणि काही बिघडलं, तर पेटंटचा सगळा सौदा बुडेल.”

औषध सिद्ध झालेलं नाही, असंही म्हणालास. तेवढ्यावरच थांबला असतास तर मी मान्य केलं असतं. डॉक्टरांनी हात टेकलेल्या बाईचं तू आणखी काय बिघडवणार होतास, हे मी विचारलं. तेव्हा तू लाइन खराब असल्याचं सांगितलंस. लाइन उत्तम होती.

नवसीचा शेजारी नवशा भगत रोज पाला वाटून आणायचा. पाल्याचं नाव विचारलं की म्हणायचा, “नाव नाय सांगाचा बाय, पाला देतो.” या लपवाछपवीवरून मी त्याला वर्षानुवर्षं झापलंय. त्याच्या पाल्यानं काडीचा गुण आला नाही, हेही लिहिते. पण तो औषध सांगत नाही आणि देतो. तुम्ही जगाला छापून सांगता आणि देत नाही. कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी मला इंग्रजी चांगलं शिकवलंय. पेटंट म्हणजे दुसऱ्याला अडवायचा हक्क, हे मला कात्रणातसुद्धा वाचता आलं.

फोनचं मी नवसीला सांगितलं नाही. त्यांच्या घरची रीत अशी की औषध मागायचं नाही. देणारा आपण होऊन येतो. त्याच्यासाठी सुपात तांदूळ आणि नारळ काढून ठेवायचा; त्यानं सूप उचललं की औषध सुरू. तिनं तुझ्यासाठी सूप भरून उशाशी ठेवलं होतं. नवशाचं वेगळं होतं, ते तो घेऊन गेला.

मी म्हटलं, “नवसी, अमेरिका लांब आहे.”

“लांब हाय म्हून तं आदीच भरून ठेवलंय. येल तो.”

कार्तिकी अमावस्येनंतर तिनं डोळे उघडले नाहीत. चिंतूनं अग्नी दिला. प्रेत उचलताना सूप पायात येत होतं, तर तो सगळ्यांना म्हणाला, “त्याला हात लावू नका, नाथूचा हाय.” अजून तिथंच आहे. तांदळाला किडे लागलेत, नारळातलं पाणी आटलंय. घरात तीन पोरं अर्धपोटी असतात, पण दुसऱ्याच्या वाट्याचं कोणी उचलत नाही.

ते तुझं आहे. तू येऊन उचलेपर्यंत तुझंच राहील.

वर मोकळी ठेवलेली जागा मी भरत नाही. आशीर्वाद माझ्या मालकीचा आहे.

चंद्रकांता