उजवा घोटा

३ जून
आज नोकरीवर रुजू झालो. मागच्या जूनमध्ये ज्या डॉक्टरांनी माझ्या उजव्या पायाचा झिजलेला घोटा काढून नवा सांधा बसवला, त्यांनीच ही बसून करायची नोकरी दिली. सांधा बदललेल्यांना वर्षभराने फोन करायचा, दोन गोष्टी विचारायच्या: दुखतं का, आणि न थांबता किती चालता. उत्तरं तक्त्यात भरायची. राहायला रुग्णालयामागची खोली आहे. वीस पायऱ्या कठडा न धरता चढलो, देवाचे आभार मानले. नर्सबाई म्हणाल्या, काका, आता दोरीवरच्या उड्या मारायच्या का. बायको पुढच्या रविवारी येतेय. अठरा वर्षं तिने माझा भार खांद्यावर घेतला. आता तिच्या शेजारून चालायचं, एवढीच इच्छा आहे.

५ जून
अकरा फोन झाले. दुखत कुणालाच नाही. एक निवृत्त पोस्टमन रोज चार तास चालतात, एक शिक्षिका सहा. डॉक्टर खूश आहेत. शिक्षिकाबाईंना मात्र धाप लागली होती. जरा बसून बोला म्हटलं, तर म्हणाल्या, बसता आलं असतं तर बसले नसते का.

६ जून
पोस्टमनच्या सुनेचा फोन आला. मामंजी कालपासून अंगणात फेऱ्या मारताहेत, घासही चालता चालताच भरवावा लागतो. दोघांनी धरलं, तरी उजवा पाय जमिनीवर आपटत राहिला. डॉक्टरांना सांगितलं. दुखतं का, एवढंच त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाले, मग उत्तम लिहा. तक्त्यात तिसरा रकाना नाही. उत्तम लिहिलं.

८ जून
शिक्षिकाबाईंच्या यजमानांनी फोन उचलला. ती परवा फाटकातून बाहेर गेली म्हणाले. अजून—
प्रार्थनेला बसलो. नामस्मरण चालू असताना उजवं पाऊल हललं. मी हलवलं नव्हतं.

१० जून
माझंही वर्ष भरलं. डॉक्टरांनी घोटा दाबून, फिरवून पाहिला. सांधा काढा म्हणून हात जोडले. हसले— इतका चांगला सांधा कुणी काढतं का. तक्त्यात माझ्यापुढे उत्तम.
पट्ट्याने पाय पलंगाला बांधलाय. पलंग सरकतोय.

११ जून, रविवार
पहाटे पट्टा तुटला. चालताना लिहितोय. उजवा ओढतो, डावा फरफटत जातो. डावी टाच फुटलीय. उजव्यात दुखतच नाही. देवा, एकदा बसव—
समोरून बायको येतेय. पिशवी खाली ठेवली. अहो, थांबा ना, म्हणतेय. हात धरला—
सुटला. मागे धावतेय. दमलीय. मला नुसतं वळून तिला—