चौथी चिंधी

नागपूर, ३ फेब्रुवारी २०२५

ती. मुकुंदकाकांस,
विहंगचा शि. सा. न. वि. वि. शाळेतलं एवढंच पाठ आहे, पुढचं विसरलो.

गळ्याच्या कॅन्सरच्या ऑपरेशनात तुमचा आवाज गेला आणि मोबाईलवर टाईप करायचा तुम्हाले कंटाळा, म्हणून हे पत्र काळीपिवळीवाल्या गणपतरावाजवळ देऊन राहिलो. तुमच्या व्हॅनमध्ये दुसरं इंजिन बसलं. सगळं एकट्यानं केलं. इंजिनाच्या चारही उघड्या तोंडांत कचरा जाऊ नये म्हणून तुम्ही शिकवल्यासारख्या चिंध्या कोंबल्या होत्या, त्या तिन्ही काढून, धुऊन वाळतही घातल्या. मधात बर्डीच्या बाजारात एक कुलूपवाला दिसला, तासभर त्याचे हातच पाहत बसलो. ते जाऊ द्या.

गाडी सुरू होते, पण उभी असली की हिवताप भरल्यासारखी थरथरते. सिग्नलवर बंदच पडते. पळवली की बरी. गुरुवारी तुमच्या शेकाची, म्हणजे रेडिएशनची, पहिली तारीख. ऑपरेशनपासून सहा आठवड्यांत शेक सुरू झालाच पाहिजे, असं डॉक्टरचं म्हणणं. गळ्याच्या भोकात धूळ जाईल म्हणून गर्दीची गाडी मना, आणि परक्याच्या गाडीत तुम्ही बसत नाही. मग आधी काय तपासू? लवकर लिहा.

लोभ आहेच, पातळ होऊ देऊ नका.
विहंग


मौदा, ५ फेब्रुवारी

चि. विहंग यास,
मुकुंदचे आशीर्वाद, कान पिरगाळून.

कुलूपवाल्याले तासभर देते, इंजिनाले किती दिला गा? इंजिन ज्यावर बसते ते रबर बदल. मिळायले आठवडा लागेल, लागू दे. घाई करू नको. तारीख काय, पुढची मिळते. तुझ्या काकूले सांग, गाडीपायी थांबलो.

तब्येत ठीक. तंबाखूचा खर्रा सुटला, सगळ्यात मोठं दुःख तेच.

माया ठेव.
मुकुंद


नागपूर, १३ फेब्रुवारी

ती. काकांस, सा. न.

रबर बदललं. थरथर तशीच. दोन तारखा गेल्या. काल पार्वतीकाकूचा फोन आला, रडत होती. म्हणे, पोरा, जमत नसेल तर जमत नाही म्हण, त्यांचे दिवस काहून खाऊन राहिला? मले जेवण गेलं नाही. धरमपेठेत चंपतराव मिस्त्रीकडे नेऊ काय? की प्लगच्या वायरी काढून पाहू?

आता रागावून का होईना, पण लवकर लिहा.
विहंग


मौदा, १५ फेब्रुवारी

चि. विहंग यास, आशीर्वाद.

चंपतरावाकडे नेऊ नको. माझी गाडी दुसऱ्यानं उघडलेली मले चालत नाही. वायरींले हात लावू नको. पेट्रोलची टाकी उतरव, धू, उन्हात वाळव. कचरा असेल. काकूचं मनावर घेऊ नको, तिले इंजिनातलं काय समजते.

तुझाच,
मुकुंद


नागपूर, २७ फेब्रुवारी

ती. काकांस,

टाकी धुतली. फरक नाही. काल तुमचं न ऐकता चंपतरावाकडे गेलो. त्यानं चालू इंजिनावर एकेका प्लगची वायर काढून पाहिली. पहिली काढली तर इंजिन आणखी लडखडलं. दुसरी, चौथी, तसंच. तिसरी काढली, काहीच नाही. म्हणजे तो सिलिंडर मेलेलाच होता. उघडलं तर हवेच्या वाटेत माझीच चिंधी. चार तोंडांत चार कोंबल्या, काढल्या तीन. चंपतराव हसून म्हणाला, मुकुंदानं हे दहा मिनिटांत सांगितलं असतं.

मी हसलो नाही. तीन चिंध्या काढल्या, हे मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. मोजून घालायच्या अन् मोजून काढायच्या, हा तुमच्याच गॅरेजचा नियम. तुम्ही तो आकडा वाचला नाही, हे मले पटत नाही. मग रबर काहून, टाकी काहून? सहा आठवडे सोमवारीच संपले, काका.

विहंग


मौदा, २८ फेब्रुवारी

चि. विहंग,

वाचला होता. त्याच मिनिटाले समजलं.

शेकाआधी माझ्या तोंडाचा साचा घेतला. जाळीचा मुखवटा असते. मान हलू नये म्हणून तो घालून डोकं टेबलाले पक्कं करतात. मग सगळे बाहेर जातात, दार बंद. मले कफ आला, भोकात अडकला. ओरडाले गळाच नाही. मशीनवाली बाई परत येईपर्यंत किती वेळ गेला, ठाऊक नाही. चाळीस वर्षं गाड्यांखाली झोपलो, कधी असा भ्यालो नाही. अन् हे बायकोले लिहून दाखवता येत नाही गा. तुझं पत्र आलं, वाटलं, सुटलो.

तिले इंजिनच सांग. चार दिवस तुले शिव्या देईल. माझ्यासाठी तेवढ्या खा.

मुकुंद


नागपूर, १ मार्च

ती. काकांस, नमस्कार.

काकूले सांगितलं, चूक माझी, चिंधी माझी, उशीर फक्त माझ्यामुळे. तिनं फोन ठेवून दिला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

आज शेकाच्या विभागात गेलो. दोन तास बाकावर बसलो, कुठं भटकलो नाही. डॉक्टर म्हणाले, गाठ परत आली काय ते आधी पाहू, मग बोलू. त्यांचं तोंड मले आवडलं नाही. मग मशीनवाल्या ताईले विचारलं, ज्याले बोलताच येत नाही त्यानं आतून काय करायचं? ती म्हणाली, कॅमेऱ्यात पेशंट सतत दिसते, नुसता हात उचलायचा, मशीन थांबवून मी आत येते. साचा घेताना तुम्हाले हे कोणी सांगितलं नाही, आणि तुम्हाले विचारता आलं नाही. एवढंच होतं, काका. एवढ्यासाठी महिना गेला.

सोमवारी सकाळी सातले दारात गाडी लावतो. हाताशी पाटी-पेन्सिल घेऊन बसा, जे विचारायचं ते आत जायच्या आधी लिहून विचारू. यायचंच नसेल, तर काकूले खरं काय ते तुम्हीच लिहून द्या. तुमच्यासाठी मी एकदा खोटं बोललो. दुसऱ्यांदा माझ्याच्यानं होणार नाही.

राग आहे, आणि त्याच्या खाली लोभही आहे.
विहंग