बहीणच तपासनीस

दादा,

सकाळपासून खुर्चीला बूड टेकत नाही. पुलाच्या कामाचा व्यवस्थापक तू, आणि त्यावर स्वतंत्र तपासनीस म्हणून नेमलंस कोणाला, तर सख्ख्या बहिणीला. वर सगळ्यांना सांगितलंस, "आपलंच माणूस आहे." अरे, तपासनीस आपलंच माणूस असेल तर त्याला तपासनीस नाही, पाहुणा म्हणतात.

काल मधल्या खांबाचं काँक्रीट चाचणीत नापास झालं. तू म्हणालास, "अगं, देखरेख म्हणजे काय? देखायचं मी आणि सहीची रेघ ओढायची तू." मी हसले. हसायला नको होतं, तुला तो होकार वाटला.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. "भावाचं नाक कापणार का?"

"वहिनी, नाकाला टाके घालता येतात. पुलावरून पडलेल्यांना कुठे घालू?"

तिने फोन ठेवला.

खांब पाडावा, असा माझा शेरा आज थेट संचालकांकडे जाईल. पुढचा तपासनीस तुझ्या हाताखाली नसावा, तो त्यांनीच नेमावा, हेही त्यात लिहिलंय. तुझी नोकरी जाईल कदाचित. माझं माहेरही.

हे पत्र मात्र तुला पाठवत नाही. पाठवलं, तर तुला विचारूनच तपासलं असं होईल.

तुझी,
धाकटी