गाडीला दम देण्याविषयी

ति. मामांना,

गारठलेल्या बोटांनी केलेला साष्टांग नमस्कार. (अक्षर वाकडं आलंय ते बोटांमुळे. आदर सरळच आहे.)

वि. वि. तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला गेला का? नसेल गेला तर त्यांना सांगा की इकडेही दोघं खोकतायत, एक मी आणि दुसरी तुमची गाडी. थंडी अशी आहे की सकाळी गाडीच्या काचेवर गोठलेलं दव मी जुन्या वहीच्या पुठ्ठ्याने खरवडतो, आणि तेवढ्यात नाकाचा शेंडा आपला आहे की शेजाऱ्याचा हे कळेनासं होतं.

तुमचं पत्र मिळालं. गाडी ठेवणार की परत देणार ते आठवड्याभरात कळव, जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ रोज खेटे घालतायत, असं तुम्ही लिहिलंत. उत्तर एका शब्दात देता आलं असतं. पण एका शब्दात उत्तर देणारा माणूस काहीतरी लपवत असतो, हे तुम्हीच मला लहानपणी, माझा निकाल विचारताना, सांगितलं होतंत. म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी उत्तम आहे. दुपारी तर फारच उत्तम. अडचण असते ती फक्त सकाळी आठ ते साडेआठ. आता पोस्टाची खिडकी नऊला उघडते आणि ती उघडणारी बाई म्हणजे तुमची भाचेसून, त्यामुळे नेमका हाच अर्धा तास आमच्या घरात नाजूक असतो. पहिल्या दिवशी मी चोक ओढला आणि घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवर असा काही पाय मारत सुटलो, की शिवणयंत्र असतं तर दोन पडदे शिवून झाले असते. पेट्रोलचा भपकारा आला. किल्ली फिरवली की गाडी कुरकुरायची आणि गप्प व्हायची. शेवटी हिने समोरचा खण उघडून तुमची चिठ्ठी काढली, वाचली आणि माझ्या हातात दिली. चिठ्ठी तुमच्यासारखीच, मोजकं बोलणारी. ‘चोक पूर्ण ओढा. अ‍ॅक्सिलरेटर दोनदाच. किल्ली. न लागल्यास दम’, मग ऑइलचा हा एवढा काळा डाग, आणि डागापलीकडे ‘द्या’.

न लागल्यास दम द्या. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. (तुमच्या हाताखाली वाढलेल्या कुणालाच दिसलं नसतं.) मी हिच्याकडे पाहिलं. ही शांतपणे म्हणाली, “मामांनी लिहिलंय, तर द्यायलाच हवा.”

मग मी घसा साफ करून गाडीला म्हणालो की हे बघ, असं चालायचं नाही. त्यावर ती खरंच चालली नाही. माझा दम हा असाच, घरातसुद्धा कुणी मनावर घेत नाही. तेव्हा हिने पदर खोचला. मामा, काय सांगू! ही गाडीला म्हणाली, सकाळी उठायचं म्हटलं की अंगावर काटा येतो, पेट्रोल मात्र पोटभर लागतं. बाहेरच्यांपुढे चकाचक आणि घरच्यांच्या वाट्याला धूर. मी मान डोलावत होतो, कारण हे सगळं गाडीला तंतोतंत लागू होतं. पण पुढे ऐकतो तर, न्हाणीघराचा नळ दुरुस्त करते म्हणून तीन महिने झाले, काय झालं त्याचं? आता गाडी कितीही गुणी असली तरी नळाचं आश्वासन ती देणं शक्य नाही. लेकी बोले सुने लागे म्हणतात, तशातला हा प्रकार आहे हे माझ्या लक्षात आलं. दहा मिनिटांनी दम संपला, हिने सांगितल्यावर मी किल्ली फिरवली, आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

तेव्हापासून बावीस दिवस हेच चाललंय. पहिल्या आठवड्यात नळ झाला. मग कपाटाचं लोंबणारं दार. मग मी सासऱ्यांना आपण होऊन फोन केला (ते घाबरले). समोरचे निवृत्त तपासनीस तर हल्ली आठ वाजता चहाचा कप घेऊन खिडकीत बसतात. रविवारी गाडीचं काम नसतं, तरी बॅटरी उतरू नये म्हणून मी आपला जरा वेळ आत जाऊन बसतो.

शेवटी काल गाडी मिस्त्रीकडे नेली. बॉनेटला कान लावून ऐकतो म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणतात. त्याने तुमची चिठ्ठी दिव्याखाली धरली, पेट्रोलच्या बोळ्याने डाग अलगद पुसला, आणि खालून एक शब्द वर आला. घेऊ. दम घेऊ द्या. जास्त पेट्रोल गेलं की प्लग ओले होतात, दहा मिनिटं गप्प बसलं की सुकतात, असं तो म्हणाला, आणि तुम्ही इतके दिवस काय करत होता असं विचारलं. मी बसत होतो असं सांगितलं, ते खोटं नव्हतं. मग मी म्हटलं, हे दुखणं एकदाचं काढूनच टाका. तर कार्ब्युरेटरकडे बघत तो म्हणाला की थंडी सरल्यावर बघू.

मामा, वीस वर्षं मी मुद्रितशोधक आहे. लोकांच्या पुस्तकांतले गळलेले शब्द शोधून माझी चूल पेटते. आणि घरच्या एका ओळीतला शब्द गळला तो दिसला नाही, म्हणून बावीस दिवस दम खाल्ला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा भाचा

ता. क. खरं सांगायचं तर गाडी परत न्या. आता खरा शब्द कळलाय, पण हिला ‘गप्प बसलं तरी चालतं’ हे सांगायची माझी छाती नाही. माळ्याची सफाई आणि माझं घोरणं अजून दमात यायचंय. गाडीशिवाय मला करमत नाही, असं तुमच्याच नावावर लिहा. हिला यातलं काही माहीत नाही.

ता. क. मामांना नमस्कार. यांनी पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिलं आणि पाकीट चिकटवायचं राहिलं होतं. डागाखाली ‘घेऊ’ असणार हे मला पहिल्याच दिवशी कळलं, माझ्या वडिलांची गाडीही अशीच होती. थंडी सरेपर्यंत हात लावू नका, हे डॉक्टरांना मीच सांगून ठेवलंय. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण माझं बोलणं सलग दहा मिनिटं, हातात कागद न धरता, यांनी या गाडीतच ऐकलं. आणि रविवारचं बॅटरीचं खरं मानू नका. परवा हे गाडीत जाऊन बसले, बराच वेळ वाट पाहिली, आणि मग काच खाली करून मला विचारलं, “आज दम नाही का?”

गाडी आम्ही ठेवतोय.